हा-हा आणि हरवलेलं गाव

इंग्लंडमधल्या स्टो या जुन्या, मोठ्या बागेत देवळं, कमानी, स्तंभ, पूल अशा चाळीसहून जास्त वास्तू आहेत. व्हीनसचं देऊळ आहे, मैत्रीचं आहे, प्राचीन सद्गुणांचं आहे, एकोपा आणि विजय या दोघांचं मिळून एक आहे. यातलं एकही पूजेसाठी बांधलेलं नाही. जे खरोखर प्रार्थनेसाठी बांधलं ते चर्च मात्र गर्द झाडीत असं दडवलंय, की तीनदा त्या बागेत जाऊनही मला त्याचा पत्ता नव्हता. चौथ्या खेपेला इंदापूरहून आलेले बाबा बरोबर होते. त्यांना देवळांपेक्षा झाडांच्या खोडांत जास्त रस. ती बघत बघत ते आडवाटेला शिरले आणि थेट चर्चच्या आवारात निघाले.

“अगं, चर्च आहे, थडगी आहेत,” मी मागून धापा टाकत पोचल्यावर ते म्हणाले. “मग गाव कुठंय?”

उजनीचं पाणी उतरल्यावर पळसदेवचं जुनं मंदिर वर आलेलं ज्याने पाहिलंय, त्याला हा प्रश्न पडणारच. देऊळ आहे म्हणजे पार असणार, पार आहे म्हणजे घरं असणार. इथेही घरं होती. स्टो नावाचं गाव होतं, त्या गावाचंच हे चर्च. सतराव्या-अठराव्या शतकांत टेंपल घराण्याने आपल्या वाड्याभोवतीची जागा मोकळी करत करत ते गाव उठवलं. माणसं शेजारच्या डॅडफर्डकडे गेली. चर्च तेवढं उरलं, आणि भोवती झाडं वाढवून तेही नजरेआड केलं. उजनीसाठी जी गावं उठली त्यांचं दुःख कमी होतं असं मी म्हणणार नाही, पण ते पाणी निदान कुणाच्या तरी उसाला मिळालं. स्टो उठलं ते खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्यासाठी.

इंग्लंडमध्ये गेली काही वर्षं एक वाद धुमसतोय. उमरावांची ही जुनी कंट्री हाउसं आणि त्यांची उद्यानं लोकांना दाखवताना काय सांगायचं? झाडांची, तळ्यांची, शिल्पांची माहिती द्यायची आणि थांबायचं. की ही जमीन कुणाकडून घेतली, पैसा कुठून आला, मातीचे ढिगारे कुणी वाहिले, हेही सांगायचं? माझं मत आधीच सांगून टाकते. सगळं सांगायचं, आणि ते अहवालात नव्हे, बागेतच सांगायचं. त्यातही स्टोसारख्या बागेत तर टाळण्याला कसलंच निमित्त नाही. का, ते सांगण्याआधी त्या बागेची रीत सांगायला हवी.

मराठी कानाला गंमत वाटेल असा एक शब्द या उद्यानांच्या शास्त्रात आहे: हा-हा. बागेच्या कडेला खोदलेला हा खंदक. त्याची बागेकडची बाजू म्हणजे सरळ उभी भिंत, आणि पलीकडची बाजू उतरती, गवताने झाकलेली. घराच्या पायऱ्यांवर उभं राहून पाहिलं तर कुंपण कुठेच दिसत नाही. समोरची हिरवळ सरळ जाऊन पलीकडच्या कुरणाला मिळते, कुरण रानाला, रान क्षितिजाला. पलीकडे चरणारी मेंढरं जणू आपल्याच अंगणात चरताहेत असं वाटतं, पण ती अंगणात येऊ शकत नाहीत, कारण मध्ये भिंत आहे. ती फक्त त्यांच्याच बाजूने दिसते. चालता चालता अचानक पायाखाली खड्डा आला की माणसाच्या तोंडून निघणारा उद्गार म्हणजे हे नाव, असं म्हणतात. इंग्लंडमध्ये हा प्रकार रुजवणाऱ्यांत चार्ल्स ब्रिजमनचं नाव आधी घेतात, आणि स्टो हे त्याचं गाजलेलं काम.

ब्रिजमननंतर विल्यम केंट आला. त्याने १७३०च्या दशकात एक छोटी दरी, एक ओढा आणि काही देवळं यांतून ‘एलिशियन फील्ड्स’ म्हणजे ग्रीकांचा स्वर्ग उभा केला. (गावाचं चर्च नेमकं या स्वर्गाच्या काठावर आहे.) १७४१ मध्ये लॅन्सलॉट ब्राउन नावाचा पंचविशीतला माळी नोकरीवर आला. पुढे इंग्लंडभर दीडशेहून जास्त जमीनदारांची उद्यानं आखून देणारा ‘केपेबिलिटी’ ब्राउन तो हाच. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो “तुमच्या जमिनीत वाव आहे” असं सांगायचा, त्यावरून हे टोपणनाव पडलं. याच स्टोच्या चर्चमध्ये १७४४ साली त्याचं लग्न लागलं. स्टोतली ग्रीशियन व्हॅली नावाची हिरवी खोलगट दरी त्याच्या काळातली. आज तिच्या काठावर बसलं की वाटतं, ही जमीन हजारो वर्षं अशीच असणार. प्रत्यक्षात ती माणसांनी कुदळ-फावड्याने खोदलीय, आणि वीस हजार घनयार्डांहून जास्त माती हातगाड्यांनी वाहून नेलीय.

फ्रेंच बाग पाहणाऱ्याला सरळ सांगते की बघ, मी राजाची आहे, झाडंसुद्धा माझ्या हुकमाने उभी राहतात. इंग्रजी बागेची ऐट वेगळी. मी कुठे काय केलंय, हे सगळं निसर्गाचंच आहे, असं ती म्हणते. कुंपण लपवायचं, घाम लपवायचा, गाव लपवायचं, आणि जे उरेल त्याला ‘नैसर्गिक’ म्हणायचं. मी या कलेची मनापासून चाहती आहे. ऑक्टोबरातल्या दुपारी पॅलेडियन पुलाच्या खांबांमधून तळ्यावर पडणारा तिरपा उजेड पाहून ज्याचं काहीच हलत नाही, त्याच्याशी मी या विषयावर बोलणारही नाही. पण जादूगार आवडतो म्हणून त्याची बाही तपासू नये, असं थोडंच आहे?

आता तो वाद. इंग्लंडमधली अशी शेकडो घरं आणि उद्यानं ज्या नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहेत, त्या संस्थेने सप्टेंबर २०२० मध्ये एक अहवाल काढला. आपल्या ताब्यातल्या ९३ ठिकाणांचा वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी काय संबंध होता, याची ती प्राथमिक नोंद होती. २९ ठिकाणांच्या मालकांचा गुलामगिरी बंद झाल्यावर सरकारने दिलेल्या नुकसानभरपाईशी संबंध होता, असं त्यात दाखवलं होतं. नुकसानभरपाई गुलामांना नव्हे, गुलाम हातचे गेले म्हणून मालकांना. १८३३च्या कायद्याने २ कोटी पौंड वाटले गेले. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा भाग ब्रिटिश करदात्यांनी २०१५ मध्ये फेडला. म्हणजे मिल्टन कीन्स शहरातल्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या आमच्यासारख्या मराठी लोकांच्या पगारातूनही त्याचा कणभर वाटा गेला असणार.

अहवालात चर्चिल यांच्या चार्टवेल या घराचंही नाव होतं, आणि तिथे ठिणगी पडली. हुजूर पक्षाच्या काही खासदारांनी वृत्तपत्रात पत्र लिहिलं. धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या आयोगाकडे तक्रारी गेल्या. मार्च २०२१ मध्ये आयोगाने ट्रस्टने कायद्याचं उल्लंघन केलेलं नाही असा निर्वाळा दिला, तरी वाद शमला नाही. त्याच वर्षी ट्रस्टच्या कारभाराविरुद्ध ‘रिस्टोर ट्रस्ट’ नावाची चळवळ उभी राहिली. दरवर्षी संस्थेच्या निवडणुकीत तिचे उमेदवार उभे राहू लागले. या सगळ्यांच्या म्हणण्याचा गाभा एकच: माणसं बागेत चार घटका विसाव्याला येतात, केक खातात, गुलाब बघतात, त्यांच्या डोक्यावर राजकारण कशाला लादता?

विसाव्याची गरज मी नाकारत नाही. आठवडाभर स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाला हिरवळ हवी असते, अपराधाची भावना नको असते. पण बागेत राजकारण ‘आणता’ म्हणणाऱ्यांनी स्टो नीट पाहिलेलं नाही, असं मला खात्रीने वाटतं. कारण ही बाग बांधली गेली तीच राजकारण करायला.

स्टोचा तेव्हाचा मालक लॉर्ड कोबम, म्हणजे सर रिचर्ड टेंपल, हा मोठा सेनानी आणि व्हिग या तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाचा मातब्बर. पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल त्याच्याच पक्षाचा. १७३३ मध्ये वॉलपोलने अबकारी कराचं विधेयक आणलं, कोबमने विरोध केला, आणि त्याची पलटण काढून घेतली गेली. कोबम स्टोला परतला आणि त्याने दगडांत अग्रलेख लिहायला घेतला. प्राचीन सद्गुणांचं देऊळ त्याने सुरेख, गोल, अखंड बांधलं. शेजारी आधुनिक सद्गुणांचं देऊळ बांधलं ते मुद्दाम पडकं, आणि त्यात एक बिनमुंडक्याचं धड ठेवलं. हे धड वॉलपोलचं, हे पाहुण्यांना सांगावं लागत नसे. ओढ्याच्या पलीकडे ‘थोर ब्रिटिशां’चे सोळा अर्धपुतळे बसवले: शेक्सपिअर, मिल्टन, न्यूटन, लॉक, आल्फ्रेड राजा, एलिझाबेथ राणी, दर्यावर्दी ड्रेक, आणि त्यांच्या पंगतीत जॉन बर्नार्ड हा तेव्हा हयात असलेला, वॉलपोलच्या अबकारीला विरोध करणारा खासदार. आपल्याकडे महापुरुषांच्या रांगेत शेवटचा फोटो विद्यमान नगरसेवकाचा असतो, तसंच हे. टेकडीवर गडद तांबूस दगडाचं गॉथिक मंदिर आहे, ते पूर्वजांच्या स्वातंत्र्याला वाहिलेलं. त्यावर ओळ कोरली होती की मी रोमन नाही याबद्दल देवांचे आभार. रोमन म्हणजे कोण, हेही तेव्हाच्या वाचकाला बरोबर कळत होतं.

हे सगळं पाहायला लोकांनी यावं अशी मालकाची इच्छा होती. १७१७ मध्येच पाहुण्यांसाठी बागेच्या दाराशी न्यू इन ही खाणावळ बांधली गेली. १७४४ मध्ये बेंटन सीली नावाच्या माणसाने स्टोची मार्गदर्शिका छापली. इंग्लंडमध्ये एखाद्या बागेवर निघालेली ती पहिली मार्गदर्शिका मानतात. म्हणजे तिकीट काढून आत शिरल्यावर पाटी वाचावी लागते अशी कुरकुर जे आज करतात, ते ज्या बागेत उभे आहेत ती पहिल्या दिवसापासून वाचण्यासाठीच होती. फरक इतकाच की तिचा मजकूर तेव्हा फक्त मालक लिहायचा.

त्या मजकुरात आणखी बरंच काही उघड लिहिलेलं आहे, फक्त आपण मान वर करून बघत नाही. एकोपा-विजयाच्या देवळाच्या कपाळपट्टीवर एक कोरीव दृश्य आहे: जगाचे चार खंड आपापला माल घेऊन ब्रिटानियाच्या चरणी आलेले आहेत. हे शिल्प मुळात पॅलेडियन पुलासाठी केलेलं, मग इथे हलवलं. आतल्या पदकांवर सात वर्षांच्या युद्धातले विजय आहेत, त्यांत ग्वाडेलूप आहे, पाँडिचेरी आहे. ज्यांना वाटतं की २०२० मध्ये कुणीतरी या बागांना वसाहतवाद चिकटवला, त्यांनी या देवळाच्या पायऱ्यांवर एकदा उभं राहावं. मालकाने अभिमानाने कोरून ठेवलेली गोष्ट वाचून दाखवली की ती ‘लादलेली’ कशी होते?

पुतळ्यांचंही तसंच. जॉन लॉकने माणसाच्या स्वातंत्र्यावर लिहिलं आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत पैसेही गुंतवले. ड्रेक तरुणपणी हॉकिन्स या गुलामांच्या व्यापाऱ्याच्या सफरींवर होता, आणि त्या हॉकिन्सला एलिझाबेथ राणीने आपलं जहाज वापरायला दिलं होतं. तिघंही एकाच भिंतीत बसलेत. पुतळे काढून टाका असं मी म्हणत नाही. उलट कोबमने ज्यांना निवडलं ते तसेच राहू देत. डनम मॅसी या ट्रस्टच्या दुसऱ्या एका ठिकाणी घरासमोर गुडघे टेकून डोक्यावर सूर्यघड्याळ धरलेल्या आफ्रिकी माणसाची मूर्ती होती, ती जून २०२० मध्ये हलवली गेली. तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते. आता तितकं वाटत नाही. ती मूर्ती नजरेआड झाली, आणि ‘नजरेआड करणं’ ही तर या उद्यानांची जुनीच सवय.

टीकाकारांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि आमच्या बाजूची माणसं तो फार सहज उडवून लावतात. ते म्हणतात, प्रत्येक बागेला गुलामीचा शिक्का मारताना तारखा तरी बघा. स्टोच्या बाबतीत ते बरोबर आहेत. कोबमने बाग केली ती जमिनीच्या उत्पन्नावर, सरकारी पदांवर आणि एका श्रीमंत मद्योत्पादकाच्या मुलीशी केलेल्या लग्नावर. जमैकाचा संबंध आला तो १७९६ मध्ये. तेव्हाच्या वारसाने ॲना एलायझा ब्रिजेसशी लग्न केलं आणि तिच्याबरोबर जमैकातला होप नावाचा उसाचा मळा, त्यावरच्या गुलामांसकट, घराण्यात आला. तोवर देवळं बांधून झाली होती. यॉर्कशरमधल्या हेअरवुडची गोष्ट निराळी: तिथलं घर आणि ब्राउनचं उद्यान दोन्ही लासेल्स घराण्याच्या वेस्ट इंडीजमधल्या साखरेच्या पैशावर उभी राहिली, आणि हे त्या घराण्याचे आजचे वारसही लपवत नाहीत. दोन्ही ठिकाणी एकच पाटी लावली तर ती खोटी ठरेल. पण तारखा नीट सांगा याचा अर्थ काहीच सांगू नका, असा होतो का? गुलामांच्या भरपाईसाठी दावा करणाऱ्यांत स्टोचा मालक होता, एवढं वाक्य लिहायला कुठलीही अतिशयोक्ती लागत नाही. त्या होप मळ्याच्या जमिनीवर आज किंग्स्टन शहराचं मोठं सार्वजनिक उद्यान आहे. म्हणजे या एका गोष्टीच्या दोन्ही टोकांना बागाच आहेत.

इथून पुढचा धागा मला ठाऊक झाला तो बाबांच्या त्या भेटीनंतर, रात्री बसून त्या घराण्याची वंशावळ चाळताना. स्टोचा मालक असलेल्या दुसऱ्या ड्यूक ऑफ बकिंगहॅमने इतकी उधळपट्टी केली की १८४८ मध्ये घरातल्या चीजवस्तूंचा लिलाव ४० दिवस चालला. त्याचा मुलगा तिसरा ड्यूक. तो रेल्वे कंपनीचा अध्यक्ष झाला, मंत्री झाला, आणि १८७५ मध्ये मद्रासचा गव्हर्नर होऊन भारतात आला. पुढच्याच वर्षी पाऊस गेला. १८७६-७८चा तो भीषण दुष्काळ मद्रास इलाख्यात होता तसा आपल्या पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगरातही होता. एकूण बळी अर्ध्या कोटीच्या वर गेले असावेत असा अंदाज आहे.

आता बाग आणि दुष्काळ यांचा काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध माणसाचा आहे, आणि तो मला सोपा वाटत नाही म्हणूनच सांगण्यासारखा वाटतो. मद्रास सरकारने सुरुवातीला धान्य विकत घेऊन ठेवलं. व्यापारात सरकारने हात घालायचा नाही, या मताच्या व्हाइसरॉय लिटनला ते खपलं नाही. त्याने पाहणीला एक साहेब धाडला, त्याचं नाव योगायोगाने सर रिचर्ड टेंपल. कोबमचंच नाव, पण माणूस दुसरा. या टेंपलने दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी, आणि वर किरकोळ पैसे पुरेत असं ठरवलं. मुंबई इलाख्यात या मजुरीविरुद्ध हजारोंनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. मद्रासमध्ये आरोग्य अधिकारी कॉर्निश याने हे उपासमारीचं प्रमाण आहे म्हणून आवाज उठवला, आणि ड्यूकच्या सरकारने पुढे ते वाढवलं. टेंपल मग मुंबईचा गव्हर्नर झाला. वासुदेव बळवंतांनी बंडाच्या जाहीरनाम्यात ज्याच्या डोक्यावर इनाम लावलं तो हाच. आणि चेन्नईत अडयार ते कूवम असा जो कालव्याचा तुकडा दुष्काळी मजुरांकडून खोदून घेतला, त्या कालव्याला आजही बकिंगहॅम कॅनॉल म्हणतात.

म्हणजे स्टोचा हा मालक खलनायक नव्हता, नायकही नव्हता. व्हाइसरॉयकडून आलेल्या हुकमापुढे तो कधी झुकला, कधी अडून राहिला. अशी माणसं पाटीवर मावत नाहीत हे मला कळतं. पण वसाहतवादाचं नाव काढलं की आमच्या पूर्वजांना राक्षस ठरवता, ही जी तक्रार आहे तिचं उत्तर अशा गोष्टींतच आहे. पूर्ण सांगितलं की माणसं राक्षस राहत नाहीत. अर्धं सांगितलं, किंवा काहीच सांगितलं नाही, की ऐकणारा उरलेलं आपल्या मनाने भरतो. आणि मग तो भरेल ते गोड असेलच असं नाही.

गाव उठवणं हाही काही स्टोचा एकट्याचा प्रताप नव्हे. डॉर्सेटमध्ये लॉर्ड मिल्टनने १७७०च्या सुमारास आपल्या घराशेजारचं मिल्टन हे बाजाराचं अख्खं गाव पाडायला घेतलं. विल्यम हॅरिसन नावाचा एक वकील हटेना. त्याचं घर बुडावं म्हणून उमरावाने तळ्याचं पाणी सोडलं. हॅरिसन कोर्टात गेला आणि जिंकला. पण त्याच्यानंतर गाव गेलंच. त्याच्या बदल्यात दरीत एकसारख्या घरांची दुतर्फा रांग वसवली. आखणीत ब्राउनचा हात होता. गवताने शाकारलेली ती पांढरी घरं आज चॉकलेटच्या डब्यावर शोभावीत इतकी गोंडस दिसतात, आणि लोक तिथेही फोटो काढायला जातात. पुनर्वसन वसाहतीचे फोटो काढायला पर्यटक जाताहेत, हे उजनी-कोयनेच्या माणसाला सांगून पाहा.

मला पाट्यांची भाषा आवडत नाही, हेही सांगायला हवं. समितीने मंजूर केलेली, कुणालाच न दुखावणारी, ‘गुंतागुंतीचा वारसा’ वगैरे शब्दांची ती गुळमुळीत भाषा. कोबमने असं लिहिलं असतं तर त्याच्या बागेत कुणी फिरकलं नसतं. त्याच्या दगडांत विनोद होता, खवचटपणा होता, नावं घेण्याची हिंमत होती. सांगायचंच तर त्याच्या धाटणीने सांगावं. आधुनिक सद्गुणांचं ते पडकं देऊळ आता जवळपास उरलेलं नाही. त्या जागी एक रिकामा चौथरा ठेवावा, आणि दर काही वर्षांनी एखाद्या शिल्पकाराला, हवं तर किंग्स्टनच्या किंवा चेन्नईच्या, बोलवावं. आजचं बिनमुंडक्याचं धड कुणाचं, ते त्याने ठरवावं. ओरड होईल. १७३०च्या दशकातही झालीच असणार.

गावाबद्दलचं मागणं त्याहून साधं आहे. १९८९ मध्ये बाग ट्रस्टकडे आल्यापासून स्टोतले कितीतरी हरवलेले पुतळे प्रतिकृती घडवून पुन्हा त्यांच्या जागी उभे केले गेले आहेत. एकोपा-विजयाच्या देवळाचे जे खांब १९२०च्या दशकात वाड्यात सुरू झालेल्या शाळेच्या प्रार्थनागृहासाठी काढून नेले होते, त्यांच्या जागीही नवे खांब आले. त्यासाठी जुने नकाशे, लिलावाच्या याद्या, प्रवाशांची पत्रं धुंडाळली गेली. हे काम मला थोर वाटतं. पण हरवलेला हर्क्युलिस परत आणताना जी चिकाटी लागते, तिच्या दहाव्या हिश्शात चर्चच्या नोंदवहीतल्या कुटुंबांची आडनावं एका दगडावर येऊ शकतात. हर्क्युलिसला परत आणणं म्हणजे जतन आणि गावकऱ्यांना परत आणणं म्हणजे राजकारण, हा भेद मला कुणीतरी समजावून द्यावा.

आणि असं नाही की त्या बागेत सामान्य जिवाला जागाच नव्हती. सोळा थोरांच्या भिंतीला वळसा घालून मागे गेलं की तिथे एक लांबलचक मृत्युलेख आहे. इटलीत जन्मलेला, इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला, निष्ठावान मित्र, प्रेमळ पती, असं बरंच कौतुक करून शेवटी कळतं की हा सिन्योर फिदो म्हणजे माणूस नव्हे, शिकारी कुत्रा. बाबांना मी तो वाचून दाखवला. ते खूप हसले. मग चर्चच्या दिशेने एकदा बघितलं आणि म्हणाले, “कुत्र्याला हाय, बघ.”

चहाच्या खोलीबाहेर एक वयस्क स्वयंसेविका नकाशे वाटत होत्या. बाबांनी त्यांच्या इंग्रजीत त्यांना गावाचं विचारलं. त्या खुलल्या. हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणाल्या, आणि नकाशाच्या कडेबाहेर टेबलावर बोट ठेवून म्हणाल्या, डॅडफर्ड साधारण इथे येईल. आम्ही परतताना गाडी तिकडून घेतली. बघण्यासारखं काही नव्हतं. विटांची थोडी घरं, एक लाल टपालपेटी, एका दारात उलटे ठेवलेले चिखलाचे बूट. बाबा काच खाली करून म्हणाले, “थांबव जरा.” दिवसभरात त्या सगळ्या देवळांपुढे त्यांनी फोन बाहेर काढला नव्हता. इथे काढला, आणि रस्त्याचा एक फोटो घेतला.